नाव कापलेली गोळी

मंचर, नारायणगाव, घोडेगाव. कुठल्याही बाजारगावातल्या मेडिकलमध्ये रक्तदाबाच्या चार गोळ्या मागितल्या की दुकानदार दहाचे पाकीट काढतो आणि कात्रीने चार कापून देतो. कापताना तो एक काळजी घेतो. ज्या टोकाला बॅच नंबर आणि एक्स्पायरीची तारीख छापलेली असते, ते टोक तो दुकानात ठेवतो. उरलेल्या गोळ्या विकताना तारीख समोर हवी, हे त्याचे कारण. कारण रास्त आहे. पण त्यामुळे पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती बिनतारखेचा तुकडा पडतो. औषधाचे नाव मधोमध तुटलेले, कंपनीचे नाव अर्धे, तारीख दुकानाच्या खणात.

निरगुडसरसारख्या गावातल्या घरात या तुकड्यामुळे काही अडत नाही. तिथे गोळ्यांची नावे वेगळीच असतात. सकाळची पांढरी, जेवणाआधीची, झोपताना घ्यायची बारकी. बीपीची, शुगरची, गुडघ्याची. घरातल्या सुनेला ती पाठ असतात. संपत आली की रिकामा तुकडा देऊन कोणाला तरी मंचरला पाठवायचे. दुकानदार रंगावरून आणि माणसावरून ओळखतो. वर्षानुवर्षे हे बिनबोभाट चालते. अडते ते ही पिशवी विमानात चढते तेव्हा.

आणि आता ती वारंवार चढते. आंबेगाव-जुन्नरची मुले शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिथून अमेरिकेला, जर्मनीला, दुबईला गेली. मुलीचे बाळंतपण असते, नातवंडाला सांभाळायचे असते. आईवडिलांना सहा महिन्यांसाठी बोलावणे येते. पासपोर्ट होतो, व्हिसा होतो, विमा निघतो. मसाला, पापड, डिंकाचे लाडू वजनकाट्यावर मोजून भरले जातात. औषधांची आठवण शेवटच्या आठवड्यात होते. सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम आणल्या जातात, आणि बॅगेत जागा व्हावी म्हणून खोकी फेकून दिली जातात. काही घरांत तर मुलगी फोनवरून सांगते आणि गोळ्या पाकिटातून काढून सात वारांच्या डब्यात भरल्या जातात, आईला सोपे जावे म्हणून. मायेनेच केलेले काम. त्यात उरलेसुरले नावही जाते.

परदेशातल्या विमानतळावर कस्टमचा अधिकारी ही पिशवी उघडतो तेव्हा त्याला तीनच गोष्टी हव्या असतात. हे काय आहे, कोणाचे आहे आणि इतके कशासाठी आहे. आपला कापलेला तुकडा यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. पिशवी घेऊन आलेल्या मावशी उत्तर देतात, 'बीपीची'. त्या खरे बोलत असतात. पण अधिकाऱ्याला त्यांचा खरेपणा तपासायचा नसतो, गोळी तपासायची असते.

अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याची सूचना साधी आहे. औषध मूळ डबीत ठेवा. ते शक्य नसेल तर चिठ्ठीची प्रत किंवा डॉक्टरचे पत्र जवळ ठेवा. साठा साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त नको. ही सूचना तिथल्या रिवाजावर उभी आहे. तिथली फार्मसी गोळ्या मोजून डबीत भरून देते आणि डबीवर रुग्णाचे नाव, डॉक्टरचे नाव, औषध, मात्रा, तारीख छापून चिकटवते. डबी हेच ओळखपत्र. आपल्याकडे अख्खे पाकीट घेतले तरी त्यावर रुग्णाचे नाव कधीच नसते. गोळी आणि माणूस यांना जोडणारे आपल्याकडे दोनच कागद आहेत, चिठ्ठी आणि बिल. विमानतळावर सगळा भार या दोन कागदांवर येतो. म्हणून ते कसे असतात ते नीट पाहायला हवे.

चिठ्ठी आधी घेऊ. वरच्या बाजूला 'थोरात मावशी, ६५' एवढेच. पासपोर्टवर मात्र स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव असे सगळे पूर्ण असते. ही मावशी तीच, हे सांगणारे त्या कागदावर काही नाही. खाली ब्रँडचे नाव, तेही ओळखीचा केमिस्टच वाचू शकेल अशा अक्षरात. त्यापुढे १-०-१. हा सकाळ-दुपार-रात्रीचा हिशेब आपल्याला लहानपणापासून कळतो. फ्रँकफर्टच्या अधिकाऱ्याला तो कळलाच पाहिजे, असे धरून चालता येणार नाही. ब्रँडही बहुतेक भारतातच चालणारा. औषधाचे मूळ नाव कुठेच नाही. तारीख असली तर दोन वर्षांपूर्वीची, कारण गोळी तीच चालू आहे आणि नवी चिठ्ठी लागते कशाला, असे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही वाटते.

काही ठिकाणी चिठ्ठीही नसते, नुसती कागदाची पुडी असते. डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यातून गोळ्या देतात. कायदा त्याला मुभा देतो, पण अटीवर. शेड्यूल एचमधले, म्हणजे चिठ्ठीवरच विकायचे औषध असेल तर डॉक्टरचे नाव-पत्ता त्या औषधावर हवा, आणि औषध, मात्रा, रुग्ण, तारीख यांची नोंद वहीत हवी. आपल्यापैकी किती जणांनी आजवर अशी पुडी पाहिली आहे?

आता बिल. हा कागद तर हातातोंडाशी आलेला असतो. जीएसटी आल्यापासून बहुतेक मेडिकलमध्ये संगणक आहे. बिलात औषध, बॅच, एक्स्पायरी, कंपनी, दुकानाचा परवाना क्रमांक हे सगळे आपोआप येते. रुग्णाचे नाव आणि डॉक्टरचे नाव यांसाठी जागा रिकामी असते. ती भरली जाते ती अशी: पेशंट - कॅश, डॉक्टर - सेल्फ. पाच सेकंदांचे काम वाचवण्यासाठी त्या कागदाचा जीवच काढून घेतला जातो. आणि हे बिलही मागितले तरच मिळते. गिऱ्हाईक मागत नाही, कारण बिल मागितले की सूट जाईल, अशी त्याची समजूत असते.

औषधविक्रीच्या नियमांत बिल सक्तीचे आहे. दुकानाचे नाव, परवाना क्रमांक, तारीख, औषध आणि नग त्यावर हवेत. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, त्यांनी फार्मासिस्टची हजेरी आणि चिठ्ठीवरच विक्री यांचा आग्रह धरला. त्या वेळी विक्रेत्यांनी बंदचे इशारे दिले होते. झगडे त्या पदावरून गेले, आणि बिल आजही मागेल त्यालाच मिळते.

एवढा आग्रह कशाला, असे कोणी विचारेल. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनला किंवा रक्तदाबाच्या अम्लोडिपिनला जगात कोण अडवतो? खरे आहे. त्या पिशवीतल्या दहा गोळ्यांपैकी आठ निरुपद्रवी असतात. प्रश्न उरलेल्या दोनांचा आहे, आणि त्या दोन कोणत्या, हे पिशवी बाळगणाऱ्यालाच माहीत नसते.

गुडघ्याची गोळी घ्या. संधिवात वाढला की पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल असलेली गोळी सर्रास लिहून दिली जाते. ट्रामाडॉल हे अफूच्या वर्गातले वेदनाशामक. आपल्याच सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले. संयुक्त अरब अमिरातीत ते आगाऊ परवानगीशिवाय नेता येत नाही. परवानगीचा अर्ज ऑनलाइन असतो, त्याला चिठ्ठी आणि वैद्यकीय अहवाल जोडावा लागतो. 'थोरात मावशी, ६५' ही चिठ्ठी तिथे कोणत्या तोंडाने जोडायची?

मधुमेहाने पायांची आग होते. त्यासाठी प्रिगॅबालिन देतात. आंबेगाव तालुक्यातही ती घेणारे थोडे नसतील. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०१९ पासून ती नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. तीन महिन्यांचा किंवा त्याहून जास्त साठा न्यायचा तर परवाना लागतो. कमी असेल तर डॉक्टरचे पत्र. त्या पत्रात काय हवे तेही ब्रिटिश सरकारने लिहून ठेवले आहे: रुग्णाचे नाव, कोणत्या देशात कधी जाणार, औषधांची यादी, किती नग, किती ताकदीची, किती मात्रेत, आणि लिहून देणाऱ्याची सही. एवढेच. निम्म्या पानाचे काम.

झोपताना घ्यायची बारकी गोळी म्हणजे बहुधा अल्प्राझोलॅम किंवा त्याच वर्गातले काहीतरी. खोकल्याच्या औषधात कोडीन असू शकते. ट्रामाडॉल, कोडीन, अल्प्राझोलॅम ही तिन्ही आपल्याकडे शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या या नियमानुसार दुकानदाराने रुग्णाचे नाव, डॉक्टरचे नाव-पत्ता, औषध आणि नग यांची वेगळी नोंद ठेवायची आणि ती वही तीन वर्षे जपायची. म्हणजे ज्या गोळ्यांमुळे परदेशात अडचण येऊ शकते, त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांच्या बाबतीत आपलाच कायदा कागद मागतो. तो कागद नीट ठेवला तर प्रवाशाचा निम्मा प्रश्न मंचरलाच सुटतो. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो, तोही या औषधांसाठीच. कात्री फिरली की तो इशाराही तुटतो.

भीती फुकाची नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये इजिप्तच्या हुर्घाडा विमानतळावर एका ब्रिटिश महिलेला पकडले. तिच्या बॅगेत २९० ट्रामाडॉल गोळ्या होत्या. तिच्या देशात ते डॉक्टरने लिहून द्यायचे औषध. जोडीदाराच्या पाठदुखीसाठी आणल्या, असे तिचे म्हणणे होते. त्या तिला दुसऱ्या कोणी दिल्या होत्या, तिच्या नावाची चिठ्ठी नव्हती. डिसेंबरमध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. वर्षाहून अधिक काळ ती तिथल्या तुरुंगात होती.

जपानची गोष्ट त्याआधीची, जून २०१५ ची. टोयोटा कंपनीच्या जनसंपर्काची सूत्रे हाती असलेल्या अमेरिकी अधिकारी ज्युली हॅम्प यांना टोकियोत अटक झाली. अमेरिकेहून आलेल्या पार्सलमध्ये ऑक्सिकोडोनच्या ५७ गोळ्या सापडल्या. कारण सांगितले गेले, गुडघेदुखी. जवळजवळ तीन आठवडे कोठडीत काढल्यावर खटला न भरता त्यांना सोडले, पण तोवर पद गेले होते. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीतल्या अधिकाऱ्याची, दिमतीला वकील असताना ही गत. निरगुडसरहून पहिल्यांदा विमानात बसलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाने चौकशीच्या खोलीत काय सांगायचे?

इजिप्तच्या प्रकरणातली एक गोष्ट आपल्या गावांना विशेष लागू आहे. गोळ्या दुसऱ्यासाठी होत्या. आपल्याकडे कोणी परदेशी निघाले की भावकीतून, शेजारातून पिशव्या येतात. 'जाताच आहात, तर आमच्या पोराला एवढे औषध द्या. तिकडे लई महाग पडतंय.' नाही म्हणणे जड जाते. पण त्या औषधाची चिठ्ठी नेणाऱ्याच्या नावाची नसते आणि बिल तर कोणाच्याच नावाचे नसते. अशी पिशवी घेऊ नये. नात्यात कटुता आली तरी घेऊ नये.

यंत्रांचेही हेच. रात्री झोपेत श्वास अडकतो म्हणून सीपॅप मशीन लागते, फुप्फुसाच्या रोग्याला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. यंत्राला विमान कंपन्यांची सहसा ना नसते. मात्र बॅटरीवरचा आकडा त्या पाहतात. लिथियम बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत चालते, १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, जादा बॅटरी हातातल्याच बॅगेत लागते. कॉन्सन्ट्रेटर विमानात वापरायचा असेल तर बहुतेक कंपन्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतक्या बॅटऱ्या आणि डॉक्टरांनी भरून दिलेला फॉर्म मागतात. घरचा ऑक्सिजन सिलिंडर तर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. वापरून वापरून बॅटरीवरचे लेबल पुसले असेल आणि आकडा वाचता येत नसेल, तर यंत्र कितीही चांगले असो, अडकते. इथेही छापील चार अक्षरांवरच सारे अडते.

इन्सुलिनबद्दल एक वेगळी सूचना, कारण तिथे एक चूक फार होते. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकून विमानाच्या पोटात पाठवू नये. तिथे ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. त्याआधी निरगुडसर ते मुंबई हा प्रवास, चाकणची कोंडी, उन्हाळ्यात तापलेली डिकी. म्हणजे एकाच दिवसात ते आधी उकडायचे आणि मग गोठायचे. ते हातातल्या पिशवीत, थंड पाऊचमध्ये असावे. १०० मिलिलिटरच्या द्रवांच्या मर्यादेतून औषधांना सूट आहे, सुयाही नेता येतात. मात्र तपासणीच्या टेबलावर आधी सांगावे लागते आणि कागद दाखवावा लागतो. पुन्हा तोच कागद.

मग हा कागद नीट मिळत का नाही? नियम नाहीत म्हणून, असे कोणी म्हणू नये. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली: डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे, वाचता येईल असे लिहावे, शक्यतो मोठ्या अक्षरांत. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवा, हे तर २००२ पासूनच लिहिलेले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मूळ नाव सक्तीचे करू पाहिले, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात नवे नियम स्थगित झाले. जेनेरिक औषधांच्या दर्जाची खात्री नाही, हा संघटनांचा आक्षेप. तो गंभीर आहे आणि सरकारने त्याचे उत्तर द्यायला हवे. पण ब्रँडच्या शेजारी मूळ नावही लिहिले, तर कोणाच्या दर्जाला धक्का लागतो? रुग्णाने कोणती कंपनी घ्यावी, हा एक प्रश्न. रुग्णाने काय गिळले आहे ते त्याला कागदावर कळावे, हा दुसरा. पहिल्याच्या भांडणात दुसरा गाडला गेला.

२०२५ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने वाचता येणारी चिठ्ठी हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे न्यायालयाला सांगावे लागले, यातच आपली स्थिती दिसते.

पाकिटाचेही तसेच. २०१८ पासून मूळ नाव ब्रँडपेक्षा दोन आकार मोठ्या टाइपात छापणे बंधनकारक आहे. हा चांगला नियम कात्रीपुढे हरतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्ये सुचवले होते की पाकिटाला भोके पाडलेल्या रेषा असाव्यात आणि प्रत्येक भागावर तारीख छापावी. छपाईचा खर्च वाढेल, हे उघड आहे. पण गोळ्या सुट्या घेणारा माणूस गरीब असतो. चारच्या पैशांत तो दहा घेऊ शकत नाही म्हणून कापून घेतो. त्याला तारीख आणि नाव मिळू नये, हे कसे चालेल? तो परदेशी जात नसेल. पण तोच तुकडा घेऊन तो रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात जातो, तेव्हा तिथला डॉक्टरही त्याला हेच विचारतो: कोणती गोळी चालू आहे?

केमिस्टांनी आपल्या बाजूने काय करावे ते अगदी थोडे आहे. परदेशी जाणाऱ्याला कापलेले पाकीट देऊ नये, अख्खे द्यावे. सगळी पाकिटे एकाच बॅचची असली तर फारच बरे. बिलावर 'कॅश' न लिहिता पासपोर्टवरचे नाव घालावे, डॉक्टरचे नाव घालावे, शिक्का मारावा. त्याला कसलाही खर्च नाही. जनऔषधी केंद्रातून घेतले तर पाकिटावर मूळ नाव ठळक असते आणि किंमतही कमी पडते. मात्र चिठ्ठीवर ब्रँड आणि पाकिटावर मूळ नाव अशी विसंगती व्हायला नको.

प्रवाशाने महिनाभर आधी सुरुवात करावी. ज्या तज्ज्ञाने औषध सुरू केले, त्याच्याकडूनच लेटरहेडवर इंग्रजीत, टाइप केलेले पत्र घ्यावे. पासपोर्टप्रमाणे नाव, आजार, प्रत्येक औषधाचे मूळ नाव आणि ब्रँड, ताकद, रोजची मात्रा, एकूण नग, सुया किंवा यंत्र असेल तर त्याचा उल्लेख, तारीख, सही, नोंदणी क्रमांक. एक प्रत औषधांबरोबर, एक मुलाच्या फोनवर. पिशवीतली कोणती गोळी त्या देशात नियंत्रित आहे, हे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर मुलांनी पाहावे; आईवडिलांवर सोडू नये. जपानला जायचे असेल तर एक महिन्यापेक्षा जास्त औषधासाठी आधी प्रमाणपत्र लागते. अमेरिकेत राहायचे सहा महिने आणि औषध तीन महिन्यांचे, अशी फट पडते. ती कशी भरायची हे निघण्यापूर्वी डॉक्टरशी बोलून ठरवावे, तिथे पोचल्यावर फोनवर धावपळ करू नये.

पण हे सगळे प्रवाशाच्याच अंगावर टाकून मोकळे होता येणार नाही. साठी उलटलेल्या माणसाने डॉक्टरला 'मला इंग्रजीत पत्र द्या, मूळ नावे लिहा' असे सांगायचे, तर त्याला धीर लागतो. पुष्कळांना डॉक्टरसमोर दुसरा प्रश्न विचारण्याचाही संकोच वाटतो. पत्र डॉक्टरनेच पुढे करायला हवे. 'परदेशी चाललो' हे शब्द कानावर पडताच हे पत्र टेबलावर यायला हवे.

मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. आंबेगावचे शेकडो रुग्ण तिथे नियमित औषध घेतात, केसपेपर तिथेच निघतो. रुग्णालयाने एक छापील नमुना तयार करावा, केसपेपरच्या खिडकीवर ठेवावा, मागेल त्याला डॉक्टरांनी भरून द्यावा. तालुक्यातल्या खासगी डॉक्टरांच्या आणि केमिस्टांच्या संघटनांनीही तोच नमुना वापरावा. त्यासाठी नवा कायदा, निधी किंवा मंत्रालयाचा आदेश यांपैकी काहीही लागत नाही. दिवाळीनंतर परदेशी जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते. नमुना त्याआधी खिडकीवर यावा.